विटाळ आणि प्रदूषण : आटपाडीच्या विहिरीतून दिसणारा पाण्याचा इतिहास

१

मराठीत वाईट पाण्यासाठी शब्दांची वाण नाही. पाणी गढूळ असते, मचूळ असते, शेवाळलेले असते, नासते, त्यात किडे पडतात. हे सारे शब्द पाण्याच्या अंगचा गुण सांगतात; डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने ते पडताळून पाहता येतात. मात्र दोन शब्द या यादीत सहजासहजी बसत नाहीत. एक आहे 'विटाळलेले' आणि दुसरा 'प्रदूषित'. पहिला शब्द जुना, घरातला, देवघरापासून माजघरापर्यंत वावरणारा. दुसरा तुलनेने नवा, शासकीय आणि शास्त्रीय व्यवहारातून आलेला. दोन्ही शब्दांनी सांगितलेला दोष उघड्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणूनच तो कोणी ठरवायचा आणि कशावरून ठरवायचा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी उभा राहतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या दोन शब्दांच्या आधाराने पाण्याच्या शुद्धाशुद्धतेचा एक छोटा इतिहास मांडू इच्छितो. आमचे प्रतिपादन असे आहे की, विटाळाच्या कल्पनेने पाण्यात काय पडले यापेक्षा पाण्याला कोण शिवले याकडे समाजाची नजर वळवली. त्यामुळे पाण्यातली खरी घाण मोजण्याची सवय आपल्याला लागली नाही, आणि ती घाण काढण्याचे काम मात्र ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले त्यांच्याच माथी मारले गेले. या विसंगतीची मराठीतील अत्यंत बोलकी साक्ष आटपाडीने दिली आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी शब्दांचा आणि कल्पनांचा थोडा माग काढणे आवश्यक आहे.

२

'विटाळ' हा शब्द संस्कृतातून थेट आलेला नाही. बाराव्या शतकातील जैन वैयाकरण हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंशविषयक भागात 'विट्टाल' हा शब्द नोंदवला आहे, आणि त्याचा संस्कृत पर्याय म्हणून 'अस्पृश्यसंसर्ग' ही संज्ञा दिली आहे. भाषेच्या अभ्यासकाने या नोंदीपाशी थोडे थांबायला हवे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी या शब्दाच्या अर्थात घाण, कुजणे, दुर्गंधी यांपैकी काहीही अभिप्रेत नव्हते. अभिप्रेत होता तो विशिष्ट माणसांचा संसर्ग. पुढे मराठीत हा शब्द स्त्रीच्या मासिक पाळीलाही लागला. म्हणजे तो पुन्हा माणसाच्या देहालाच चिकटला, वस्तूच्या स्थितीला नव्हे. 'विटाळ होणे', 'विटाळ मोडणे', 'विटाळ कालवणे' हे प्रयोग पाहिले तरी हेच ध्यानात येते.

'प्रदूषण' या शब्दाची घडण वेगळी. 'दुष्' म्हणजे बिघडणे, आणि त्याला 'प्र' हा उपसर्ग. महाराष्ट्राने जलप्रदूषणाच्या प्रतिबंधासाठी १९६९चा कायदा केला, त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले आणि १९७४ साली केंद्राचा कायदा आला. या कायद्यांच्या आगेमागे हा शब्द वृत्तपत्रांत आणि मग बोलण्यात रुळला. त्यात 'कोण' हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी बिघडले का आणि किती बिघडले, हा प्रश्न प्रथम येतो.

येथे एक गोष्ट नमूद केली नाही तर चित्र अपुरे राहील. पाण्याच्या शुद्धतेची वस्तुनिष्ठ कसोटी आपल्या परंपरेत नव्हतीच, असे म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जमिनीवरील पाण्याच्या शुद्धतेचा विचार आला आहे. गाईची तहान भागेल इतके पाणी असावे, त्यात अमेध्य पदार्थ मिसळलेले नसावेत आणि त्याचा गंध, वर्ण व रस ठीक असावा, असा त्याचा आशय आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही गाईच्या तृप्तीची हीच कसोटी आहे. म्हणजे जमिनीवरच्या पाण्यापुरता तरी धर्मशास्त्राने पाण्यात काय आहे हाच प्रश्न विचारला होता. त्यामुळे मनुस्मृती निर्दोष ठरत नाही. माणसामाणसांत तिने घातलेली उतरंड सर्वश्रुत आहे. परंतु रूढीने या ग्रंथातून काय उचलले आणि काय सोडून दिले, हे पाहण्यासारखे आहे. गंध-वर्ण-रसाची परीक्षा मागे पडली आणि स्पर्शाचा निषेध तेवढा गावोगावच्या पाणवठ्यांवर उरला.

जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांनी हा निषेध मोडला. एका घरच्या हौदापुरती ही कृती असली तरी आधुनिक महाराष्ट्रातील पाण्याचा सामाजिक इतिहास लिहिताना सुरुवात येथूनच करावी लागते.

३

महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचा ठराव तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर मारहाण झाली, आणि मग तळ्याची 'शुद्धी' झाली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या शुद्धीचा तपशील महत्त्वाचा आहे. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी युक्त अशा १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवून ते पिण्यायोग्य झाल्याचे जाहीर करण्यात आले. आजच्या जलशास्त्राच्या भाषेत यातला प्रत्येक पदार्थ म्हणजे सेंद्रिय भार होय. शेणातून सूक्ष्मजंतू आणि कुजणारे द्रव्य येते, मूत्रातून नत्र येते, दुधादह्यातून स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने येतात. चार-पाच एकरांच्या तळ्यात एवढ्याने रासायनिक फरक फारसा पडला नसेल. प्रश्न प्रमाणाचा नाही. प्रश्न त्यामागील दृष्टीचा आहे. माणसाच्या ओंजळीने तळे बाटते आणि शेणाच्या घागरीने ते निवळते, असे मानणारा समाज पाण्याकडे पाहतच नव्हता. तो पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होता.

याच तळ्यावर अन्य धर्मीयांना अटकाव नव्हता आणि जनावरेही पाणी पीत, हे आंबेडकरांनी वारंवार निदर्शनास आणले. डिसेंबर १९२७च्या परिषदेत त्यांनी स्पष्ट केले की, हे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. आपण तळ्यावर जाणार ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळ्यावर केवळ सवर्णांचाच वहिवाटीने हक्क असल्याचे सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या या वादात तळ्याचे पाणी पिण्यास कितपत योग्य आहे, हा प्रश्न दाव्याचा विषय नव्हता आणि तसा तो असण्याचे कारणही नव्हते. मानवी हक्काचा निवाडा आधी व्हावा लागतो. पाण्याचा निवाडा त्यानंतरच प्रामाणिकपणे करता येतो.

४

महाडला तळे होते, पाऊस होता. माणदेशात पाण्याचेच दुर्भिक्ष. आटपाडी हा त्या माणदेशाचा भाग. औंध संस्थानातले हे गाव १९४८च्या विलीनीकरणानंतर सातारा जिल्ह्यात आले, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. या तालुक्याने मराठी साहित्याला दिलेले माडगूळकर बंधू सर्वांना परिचित आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने या भागातला दुष्काळ मराठी वाचकाच्या मनात कायमचा कोरला. पण आटपाडीचाच आणखी एक लेखक पाण्याची वेगळी कहाणी सांगतो. ते म्हणजे शंकरराव खरात.

खरातांचा जन्म १९२१ साली आटपाडीत झाला. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र १९८१ साली प्रकाशित झाले. तराळ म्हणजे गावकामगार महार. सांगावे पोचवणे, सरकारी माणसांच्या दिमतीला राहणे, गावात मेलेल्या जनावराची विल्हेवाट लावणे, बेवारस प्रेताची राखण करणे ही त्याची कामे. खरातांच्या वडिलांकडे हे काम होते.

या आत्मचरित्रात विहिरीतील प्रेताचा प्रसंग आहे. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२च्या इंग्रजी संकलनात तो स्वतंत्रपणे समाविष्ट झाल्याने तो महाराष्ट्राबाहेरही वाचला गेला. विहिरीत एक प्रेत पडलेले आहे. गावकामाची पाळी असल्यामुळे लेखकाच्या वडिलांना त्याची राखण करावी लागते, आणि पुढे पोलिसांच्या हुकुमावरून जीव धोक्यात घालून विहिरीत उतरावेही लागते. शाळकरी मुलगा हे सारे पाहतो. खरातांची शैली येथे आवाज चढवीत नाही. प्रसंग सांगून ती थांबते. त्या संयमामुळे वाचकावर होणारा परिणाम अधिक खोल आहे.

दलित आत्मकथनांच्या अभ्यासात हा प्रसंग साधारणतः वेठबिगारीचा आणि पोलिसी जुलमाचा पुरावा म्हणून वाचला जातो. ते वाचन योग्यच आहे. आम्ही त्यात एक भर सुचवू इच्छितो : हा प्रसंग पाण्याच्या इतिहासाचाही दस्तऐवज आहे. विहिरीत कुजणारे शरीर म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाचे अगदी मूळ रूप. ते काढल्याखेरीज पाणी वापरता येणार नाही, हे सर्वांना कळते. म्हणजे विटाळापलीकडची, खरीखुरी घाण गावाला ओळखता येत होती. परंतु ती काढण्यासाठी विहिरीत कोणी उतरायचे? एरवी ज्याने विहिरीच्या काठालाही हात लावू नये, त्याने. एरवी घागर वरून ओतून घेण्यासाठी ज्याला तिष्ठावे लागते, त्याच्या देहाला घाण उपसण्यासाठी मात्र विहीर तळापर्यंत खुली होते. स्पर्शबंदीचा नियम गावाच्या सोयीने किती सहज शिथिल होतो, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला मराठी गद्यात आढळलेले नाही.

प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही १९३२ची कथा याच्या शेजारी ठेवून वाचावी. आजारी जोखूला प्यायला आणलेल्या पाण्याला घाण वास येतो, कारण विहिरीत जनावर मरून पडले असावे. त्याची बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते. दार उघडल्याच्या चाहुलीने तिच्या हातून दोर सुटतो आणि ती पळून येते. घरी नवरा तेच घाण पाणी पीत असतो. प्रेमचंदांच्या कथेत दलिताच्या वाट्याला कुजके पाणी येते, खरातांच्या आत्मकथनात पाणी कुजवणारी वस्तू काढण्याचे काम येते. पाण्याच्या विषमतेच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही ठिकाणी चांगले पाणी दुसऱ्याच कोणाचे तरी आहे.

५

विज्ञानाने कुजणे कसे मोजले, याचा आता थोडक्यात विचार करू. पाण्यात पडलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. जितकी घाण अधिक, तितकी प्राणवायूची मागणी अधिक. या मागणीवरून घाणीचे मोजमाप करण्याची रीत इंग्लंडमधील सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२च्या आपल्या आठव्या अहवालात प्रमाणित केली. प्रयोगशाळेत तिला बीओडी म्हणतात. तिकडे नमुना पाच दिवस ठेवतात. आपल्या उष्ण हवामानाचा विचार करून भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची पद्धत स्वीकारलेली आहे. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीनुसार केवळ निर्जंतुक करून पिण्यास वापरायच्या स्रोतात बीओडी लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला प्राणवायू ६ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा. उघड्यावरील स्नानासाठी हेच आकडे अनुक्रमे ३ आणि ५ आहेत.

दुसरी कसोटी शेवाळाची. अमेरिकन शास्त्रज्ञ पामर यांनी १९६९ साली, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्याच्याच वर्षी, सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांची गुणसूची प्रसिद्ध केली. वीस प्रजातींना एक ते पाच गुण दिले. युग्लीना आणि ऑसिलेटोरिया यांना पाच, क्लॅमिडोमोनास आणि सीनेडेस्मस यांना चार, याप्रमाणे. नमुन्यात सापडलेल्या प्रजातींच्या गुणांची बेरीज वीस किंवा त्याहून अधिक झाली, तर त्या तलावात सेंद्रिय प्रदूषण मोठे आहे असे समजावे. सूक्ष्मदर्शक आणि थोडे शिक्षण एवढ्या साधनांवर तालुक्याच्या महाविद्यालयातही ही परीक्षा करता येते. या पद्धतीत तलाव स्वतःच साक्ष देतो. काठावर कोण उभे आहे, याने त्याच्या साक्षीत फरक पडत नाही.

विटाळाची नजर किती चुकीच्या जागी खिळली होती, हे नारूच्या रोगावरून विशेष स्पष्ट होते. ज्याच्या पायातून नारूचा कृमी बाहेर डोकावत असे, तो माणूस पायविहिरीत उतरला की कृमीची पिल्ले पाण्यात जात, तेथील सूक्ष्म जीव त्यांना खात आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. महाराष्ट्र हे या रोगाने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होते. ज्याला विहिरीत उतरण्याचा अधिकार होता, त्याच्याच पायाने येथे पाणी बिघडत होते. जातीने तो शुद्ध होता, एवढ्यावरून कोणी त्याला अडवले नाही. पायविहिरी बुजवून किंवा बदलून, पाणी गाळून घेण्याची सवय लावून हा रोग हटवला गेला. १९९६ साली शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

६

आता पुन्हा आटपाडीकडे. या तालुक्यात पाण्यासाठी मोठा संघर्ष झाला. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा १९९३पासून येथे भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर यांनी कृष्णेच्या पाण्यावर दुष्काळी भागाचा हक्क सांगितला. कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने उचललेले पाणी अखेर या पठारावर पोहोचले आणि समन्यायी वाटपाचा आग्रह 'आटपाडी पॅटर्न' या नावाने ओळखला जाऊ लागला. तलाव भरणे ही या भागात सणासारखी घटना आहे. ज्यांनी कोरडे तळ पाहिले, त्यांच्या आनंदाला आम्ही कमी लेखत नाही.

मात्र पाणी आल्यानंतरच पाणी बिघडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. अवर्षणप्रवण भागातील तलावाची प्रकृती नाजूक असते. पाऊस जेमतेम, सांडव्यावरून पाणी वाहून जाण्याचे प्रसंग थोडे, बाष्पीभवन प्रचंड. त्यामुळे जे आत येते ते आतच साठते आणि उन्हाळ्यात घट्ट होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कुजण्याचा वेग मात्र वाढतो. वाढत्या गावाचे सांडपाणी, धुणी, जनावरे, निर्माल्य, फळबागांतून वाहून येणारे नत्र-स्फुरद यांवर शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू देते, रात्री घेते. म्हणून अशा तलावातील मासे बहुधा पहाटे मरतात, आणि सकाळी काठावर आलेल्यांना कारण कळत नाही.

या साऱ्यात जुनी नजर कशी टिकून राहते, ते पाहावे. निर्माल्य पवित्र, म्हणून त्याचा भार मोजायचा नाही. मोठ्या घराच्या मोरीचे पाणी दिसत नाही, पण ओढ्याकाठच्या वस्तीचे दिसते. तेव्हा तलाव कोणी घाण केला, या प्रश्नाचे उत्तर पाणी तपासण्याआधीच तयार असते. 'प्रदूषण' हा नवा शब्द उच्चारताना आपण पुष्कळदा 'विटाळ'च बोलत असतो. शब्द बदलले, बोट मात्र पूर्वीच्याच दिशेने राहिले.

तलावातील गाळ, गटारातील तुंबा आणि टाकीतील मैला काढायला कोण उतरते, हा प्रश्नही खरातांच्या विहिरीइतकाच जुना आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. तरीही गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरून गुदमरलेल्यांच्या बातम्या येतच राहिल्या. त्यांतील बहुसंख्य माणसे कोणत्या समाजांतली असतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे प्राण घेणारा वायू कुजण्यातूनच निर्माण होतो. ज्या प्रक्रियेने तलावातला मासा मरतो, तिच्याच दुसऱ्या टोकाशी हा माणूस मरतो.

पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी आटपाडीने महाराष्ट्राला शिकवली. तिचा पुढचा भाग आपणच मांडायला हवा. पाणी किती मिळाले याबरोबर ते कसे मिळाले, आणि ते स्वच्छ ठेवण्याचे कष्ट कोणाच्या अंगावर पडले, याचाही हिशेब वाटपात धरला पाहिजे. तलावाच्या पाण्याची तपासणी नियमित व्हावी, तिचे आकडे चावडीवर लागावेत, आणि सांडपाणी तलावाआधी अडवले जावे. अन्यथा आपण घाण करत राहू आणि ती काढण्यासाठी कोणाला तरी खाली उतरवत राहू.

साहित्याच्या वर्गाचे येथे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. 'तराळ-अंतराळ' शिकवताना विहिरीचा तो प्रसंग केवळ करुणेचा उतारा म्हणून शिकवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्या विहिरीत कोणाचे पाणी होते, त्यात काय कुजत होते आणि खाली कोण उतरले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. मग त्यांना आपापल्या गावच्या तलावावर पाठवावे आणि तेच तीन प्रश्न तेथेही विचारायला सांगावे.